आमचे भासरे गोष्ट लिहायला शिकतात

आमचे भासरे कोणतीही कथा वाचायला घेतली की आधी तिचं शेवटचं पान फाडतात. टर्रकन. मग त्या पानाची घडी करतात, ओट्यावर ठेवतात, उडू नये म्हणून वर एक खडा ठेवतात आणि खाकरतात. खाकरलं की मी समजायचं. पदर डोक्यावर घेऊन बाहेर यायचं, पान उचलायचं, आत नेऊन रिकाम्या डब्यात टाकायचं. तोवर भासरे तिकडं तोंड करून बसलेले असतात, मी इकडं तोंड करून वाकते. नव्या माणसाला वाटावं, या दोघांचं सात पिढ्यांचं वैर आहे.

वैर नाही हो. रीत आहे. भासरे म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ. आमच्याकडं भासऱ्यापुढं डोकं उघडं ठेवत नाहीत, त्यांच्या बाजेवर बसत नाहीत, त्यांच्याशी तोंडाला तोंड देऊन बोलत नाहीत आणि त्यांचं नाव तर घेतच नाहीत. म्हणून इथंही त्यांचं नाव तुम्हाला सापडायचं नाही. इंझोरीच्या फाट्यावर उतरून 'गोष्टीवाले दादाजी' विचारा, शेंबडं पोरगंही घर दाखवील. आमची सुधा, माझी लेक, फोनवर म्हणते, "आई, आता कोन पाळते वं हे?" मी म्हणते, "मी हाय ना पाळणारी. तुह्या काय पोटात दुखून राह्यलं?"

मी अंगणवाडीत सेविका होते. अहवाल लिहून लिहून हाताला पुस्तकी वळण लागलं, तोंड मात्र वऱ्हाडीच राहिलं. त्यामुळं मी लिहिते एक आणि बोलते एक, ते सांभाळून घ्या.

तर घरात माणसं दोन. माझी मोठी जाऊ वारली, तिची दोन्ही पोरं पुण्याला, सुधा कारंज्याकडं दिलेली, आणि सुधाचे बाबाही गेले. राहिलो मी आणि भासरे. त्या दोन माणसांनी एकमेकांशी बोलायचं नाही म्हटल्यावर संसार चालावा कसा? म्हणून आमच्या मधे रूपी आहे. रूपी म्हणजे म्हैस. त्यांची खोली आणि माझा स्वयंपाक यांच्या मधे ढोरांचा कोठा आहे. तिकडून भासरे म्हणतात, "रूपे, मी वाशीमले जाऊन राह्यलो. दुपारचा सयपाक नको म्हनाव." इकडून मी म्हणते, "रूपे, येतानी जिरे आनजा म्हनाव." आमच्या घरातलं एकूण एक रूपीला माहीत आहे. दूध मात्र त्या मानानं कमी देते.

शेवटचं पान का फाडतात, हेसुद्धा मला रूपीमार्फतच कळलं. "शेवट माईत असला म्हंजे माणूस आंधळा होते, रूपे. मंग थो रस्ता पाहात नाई, गावच पाहते." म्हणून पान माझ्याकडं. भासरे फाटलेल्या जागेपर्यंत वाचतात, मग कथा छातीवर उपडी ठेवून दोन-तीन दिवस विचार करतात की आता ह्या लेखकाच्या जागी मी असतो तर काय केलं असतं. स्वतःचा शेवट ठरला की पुन्हा खाकरतात. मी पान ओट्यावर ठेवते. त्यांनी ठरवल्यासारखंच निघालं तर म्हणतात, "फसला!" आणि वेगळं निघालं तर मांडीवर थाप मारून म्हणतात, "जमलं लेका!" म्हणजे लेखकानं ह्यांना चकवलं तर लेखक पास, ह्यांना ओळखता आलं तर नापास. अशी उलटी परीक्षा.

यात माझं काय झालं ते ऐका. पान डब्यात टाकता टाकता मी ते वाचते. कोण नाही वाचणार? त्यामुळं मला ढीगभर कथांचे शेवट माहीत आहेत, सुरुवात एकीचीही माहीत नाही. कोणीतरी माणूस स्टेशनावर उभा आहे आणि गाडी निघून गेली. कोण माणूस, कुठली गाडी, देव जाणे. कोणी बाई कुलूप लावते आणि किल्ली विहिरीत टाकते. मला आपलं भरून येतं आणि तव्यावरची भाकर करपते.

अंक ते वाशीमहून आणतात. स्टेशनाच्या रस्त्याला एक रद्दीवाला आहे, तो जुने दिवाळी अंक त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवतो. कादंबरीला हात लावत नाहीत. "कादंबरी म्हंजे सालदार, रूपे. वर्सभर पोसा लागते. कथा म्हंजे रोजदार. दिवस बुडाला का मोकळी." हातात तुऱ्हाटीची एक काडी असते. ती एकेका ओळीखाली ठेवतात आणि ओळ संपली की विचारतात, "हे इथं काहून ठेवलं?" दुसरी ओळ. "अन् हे काहून ठेवलं?" एकदा एका कथेत पहिल्याच पानावर कान तुटलेला कप आला. झालं! चार दिवस त्या कपानं गावाला पिडलं. पारावर विचारलं, दूध डेअरीवर विचारलं, न्हाव्याकडं अर्धी दाढी झालेली असताना विचारलं, "कान काहून तुटला असन?" न्हावी म्हणाला, "पडला असन, दादाजी." भासरे तसेच उठून बसले. "लेखकाच्या घरी काही पडत नसते बापू! थो पाडते."

पुढं त्यांच्या ध्यानात आलं की चांगल्या कथेत माणूस मनातलं सरळ सांगत नाही. त्याला भूक लागली तर तो आभाळाकडं बघतो, आणि वाचणाऱ्यानं समजून घ्यायचं. वाचलं ते वाचलं, हे गृहस्थ तसं वागायला लागले. ताट ओट्यावर ठेवलं, झाकण वाजवलं, की मुकाट्यानं जेवत. मधेच घास हातात धरून दूर, रोही म्हणजे नीलगाई चरतात त्या माळाकडं बघत. मला काय स्वप्न पडतं? मी आपली समजले, जावेची आठवण येत असेल. मीही आत डोळे पुसले. आठवडा गेला असेल नसेल, एक दिवस कोठ्यातून आवाज आला, "रूपे, भाजीत मीठ नाई. रोजच नाई." मीठ संपलं होतं आणि मी उपासाच्या शेंदेमिठाची चिमूट टाकून वेळ मारून नेत होते. घ्या! म्हटलं, रूपे, ज्याले मीठ पाह्यजे त्यानं आभाळाकडं कायले पाहाव?

सगळ्यात नामुष्की केली ती कामरगावात. तिथं आमच्या सोयऱ्यांत एक जण वारले, आम्ही जीपनं बसायला गेलो. मी बायकांत, भासरे माणसांत. गेलेल्याचा मेहुणा सांगत होता, कसं झालं. त्यानं ट्रॅक्टर घेतला तिथून सुरुवात केली. मग ट्रॅक्टरचा रंग, मग ड्रायव्हर कसा लबाड निघाला, मग पोळ्याला झालेलं भांडण. ऐकणारे हूं हूं करत होते. एवढ्यात भासऱ्यांचा आवाज, सगळ्यांना ऐकू जाईल असा, "बापू, हे सारं गाळा. दवाखान्यापासून सुरू करा." पाटाच्या पाण्याला आडवी फळी टाकल्यासारखी बैठक थांबली. मी पदर तोंडावर ओढला. धरणी दुभंगेल तर बरं, असं झालं. तेव्हापासून आमच्या सोयऱ्याधायऱ्यांत कोणी मेलं आणि भासरे बसायला गेले, तर सांगणारा आधी यांच्याकडं बघतो आणि दवाखान्यापासून सुरू करतो.

हसा, हसायलाच सांगते आहे. पण हे वेड त्यांना जन्मापासून नव्हतं, आणि ज्या दिवशी ते लागलं त्या दिवसाचं मला हसू येत नाही.

आधी भासरे वाचणारे नव्हते, सांगणारे होते. पंचक्रोशीत त्यांच्यासारखं बोलणं कोणाचं नव्हतं. लग्नाच्या मांडवात, तेरवीच्या पंगतीत, जिथं बसले तिथं माणसं गोळा होत. नकला करत. ऐकणाऱ्याचं पोट दुखेपर्यंत हसवत. सुधाच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, सोयरे आले, अनोळखी माणसं, घाबरल्यासारखी बसलेली. भासऱ्यांना वाटलं, चार गोष्टी सांगून बैठक हलकी करावी. आणि त्यांनी आपल्या लहान भावाची, म्हणजे सुधाच्या बाबांची गोष्ट काढली.

गोष्ट लहानपणची. भासरे तेव्हा मिसरूड फुटलेले, हरभऱ्याची राखण करायला वावरात मचाणावर असत. लहान भाऊ बाळू त्यांना जेवण नेऊन देई. एकदा तिन्हीसांजेला तो धुऱ्यानं, म्हणजे बांधावरून, येत होता आणि त्या दिवशीच वावरात नवं बुजगावणं उभं केलेलं, अंगात काळा कोट. बाळूला वाटलं माणूसच. तो जागच्या जागी थिजला. चड्डी ओली झाली. आणि त्या बुजगावण्याला म्हणतो कसा, "काका, मले जाऊ द्या. मी लहान हाय." मचाणावरून मोठा भाऊ हे बघतोय आणि हसतोय.

भासऱ्यांनी ते सगळं करून दाखवलं. पाय कसे लटलट कापले ते, चड्डीकडं खाली कसं पाहिलं ते, बारीक आवाजातलं 'काका' सुद्धा. सोयरे लोटपोट हसले. सुधाच्या होणाऱ्या सासूनं डोळ्याला पदर लावला. आणि ज्याची गोष्ट, तो समोर पानसुपारीचं तबक धरून उभा. लेकीचा बाप. त्यांनीही हसण्यासारखं तोंड केलं.

पाहुणे गेल्यावर आम्ही दोघं सतरंजीच्या घड्या करत होतो. सुधाचे बाबा एकदम म्हणाले, "मुतलो थे सांगतलं दादानं. गंजातलं वरण सांडलं नाई, थे नाई सांगतलं."

मला कळेना, कुठलं वरण. मग त्यांनी सांगितलं. आईनं भाकरी पाठीला बांधून दिल्या होत्या आणि हातात वरणाचा गंज, म्हणजे आमच्याकडचं पातेलं, दिला होता, काठोकाठ. त्या बुजगावण्यापुढं सगळं झालं, पाय कापले, चड्डी ओली झाली, पण त्यांनी गंज सोडला नाही, त्यातला थेंब सांडू दिला नाही आणि मागंही फिरले नाहीत. कारण दादा उपाशी होता. एवढंच. एवढं बोलले आणि सतरंजी कोपऱ्यात ठेवून झोपायला गेले.

त्यानंतर ते भासऱ्यांशी बोलले नाहीत. भासरे हाक मारत, हे ऐकू न आल्यासारखं करत. तसं त्यांचं फुगणं काही नवं नव्हतं, चार दिवसांत निवळलं असतं. पण ते चार दिवस मिळाले नाहीत. विहिरीवर मोटार चालू करायला गेले आणि तिथंच छातीत कळ येऊन बसले. माणसं धावली, गाडी काढली, पण कामरगावच्या पुढं जाता आलं नाही. सुधाचं लग्न पुढं ढकललं आणि कन्यादान भासऱ्यांनी केलं. अख्ख्या लग्नात त्यांनी एक गोष्ट सांगितली नाही.

तेरवी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी भासरे वाशीमला गेले आणि पोतंभर दिवाळी अंक घेऊन आले. पोतं कोठ्याजवळ टेकवलं. तेव्हाची रूपी, म्हणजे आताच्या रूपीची आई. आमच्याकडं म्हैस बदलते, नाव नाही. तिला म्हणाले, "रूपे, माह्या हातून एक गोष्ट बिघडली. चांगले लोकं कशी करते थे पाहाचं हाय. थेच गोष्ट मले दुरुस्त कराची हाय." ते ऐकलं त्या दिवसापासून त्यांच्या वाचण्याला मी कधी नावं ठेवली नाहीत. म्हणजे ठेवली, पण तोंडदेखली.

सुधाचा पोरगा आता तिसरीत आहे, यावरून किती वर्षं झाली ते समजा. इतकी वर्षं भासरे ती एकच गोष्ट लिहीत आहेत. दरवर्षी हरभरा घाट्यावर आला की कागद घेऊन कोठ्यात येतात आणि रूपीला वाचून दाखवतात. मी भिंतीच्या अलीकडं चुलीपाशी बसते आणि ऐकते. मी एकाच गोष्टीची वाट बघते. वरण कधी येतं.

पहिल्या वर्षी त्यात धो धो पाऊस होता. विजा कडाडत होत्या. मी म्हटलं, "रूपे, हरभऱ्यात असा पाऊस पडला तं जागली कायची करता? हरभराच राहात नाई." दुसऱ्या दिवशी पाऊस गेला. एका वर्षी गोष्ट बुजगावणंच सांगत होतं. 'मी बुजगावणं. माझ्या अंगात काळा कोट आहे, पण आत मी पोकळ आहे.' त्याचं पोकळपण इतकं चाललं की बाळूच्या वाट्याला दोनच ओळी आल्या. एका वर्षी बाळू खिडकीशी उभा राहून खिन्न नजरेनं बाहेर बघत होता. त्या वर्षी शहरातल्या कथा जास्त वाचल्या होत्या, दुसरं काय. "रूपे, मळ्यात खिडकी कोनं बसवली?" असं मी विचारलं, तर तिकडून कागद चुरगाळल्याचा आवाज आला. आणि एकदा तर त्यांनी शेवटी बाळूला मारूनच टाकलं. मी धारेची बादली अशी आदळली की रूपीनं लाथ घातली. त्या दिवशी घरात कोणालाच चहा मिळाला नाही.

पण खोटं कशाला बोलू, गोष्ट सुधारत चालली होती. पुढं पुढं तिच्यातलं हसू गेलं. बुजगावण्यापुढं उभा असलेला तो पोरगा ऐकताना मी चुलीत लाकूड सारायची विसरायला लागले. फक्त वरण येईना. कधी त्याच्या हातात डबा असे, कधी नुसती शिदोरी, कधी काहीच नसे.

तुम्ही म्हणाल, बाई, सांगून का टाकलं नाही? रूपीचा कान होताच की. का सांगावं? मी सांगून आलेलं वरण काय कामाचं? सुधाच्या बाबांना ते दादाच्या तोंडून पाहिजे होतं. मला वाटायचं, माणूस इतक्या बारकाईनं परक्यांच्या गोष्टी बघतोय, आज ना उद्या आपल्या भावाच्या हाताकडं बघेल. मी आहे की बसलेली. मला कुठं जायचंय?

यंदा भासऱ्यांना दिसायचं कमी झालं. वाशीमला दाखवलं, तर डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू पिकलाय, काढायला हवा आणि दुसरंही काही आहे मागच्या पडद्याला, आता बारीक अक्षर वाचणं विसरा. घरी आले. दोन दिवसांनी कागद घेऊन कोठ्यात आले. कागद नाकाला लावून, अडखळत वाचत होते. बाळू घरून निघाला. धुरा. तिन्हीसांज. काळा कोट. 'काका, मले जाऊ द्या.' सगळं जागच्या जागी, एक शब्द जास्त नाही. माझा जीव कानात आला होता. आणि शेवटी, 'मोठा भाऊ मचाणावरून उतरला आणि दोघे भाऊ जेवले.'

संपलं. वरण नाही.

तिकडं कागदाची घडी केल्याचा आवाज आला. मग भासरे म्हणाले, "नाई जमलं, रूपे. काईतरी राह्यलं यात, पन समजून नाई राह्यलं काय राह्यलं थे. मोप लोकायच्या गोष्टी फाडून पाह्यल्या. आता डोये बी नाई. उद्या रद्दीवाल्याले सांगतो, सारं घेऊन जाय." आणि पलीकडं त्यांच्या ओट्यावरून अंकांना सुतळी बांधायचा आवाज यायला लागला.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी उठले ती थेट त्यांच्या ओट्यावर. पदर कुठं पडला, कळलं नाही. भासरे अंकांच्या ढिगापाशी बसले होते, मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि लग्न होऊन या घरात आल्यापासून पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर बोलले.

"एवढ्या लोकायच्या गोष्टी वाचल्या, अन् सख्ख्या भावाच्या हातात काय होतं थे नाई दिसलं तुमाले?"

भासरे माझ्याकडं बघत राहिले. दिसत किती होतं कोण जाणे. "काय होतं?" त्यांनी विचारलं. सोंग नव्हतं त्यात.

"वरन! वरनाचा गंज होता, काठोकाठ भरेल. पाय कापले, चड्डी भिजली, पन थेंब नाई सांडू देल्ला त्यायनं. कायले? तं दादा उपाशी हाय म्हून. साक्षगंधात चार लोकाइत तुमी मुतलेलं सांगतलं, वरनाचं नाई सांगतलं. थे लागलं त्यायले. दुसरं काई नाई लागलं."

बोलून झाल्यावर पदराचं ध्यानात आलं, तो डोक्यावर घेतला. मला वाटलं, आता ते उठतील, आत जातील, दार लावतील. ते उठले नाहीत. हातातली सुतळी खाली ठेवली.

"वरन होतं?"

"होतं."

"मले माईतच नाई, बाई," भासरे म्हणाले. "खरंच माईत नाई. मी हासत होतो. हासत हासतच खाली उतरलो. जेवलो असन तसाच. कायच्यासंगं जेवलो, थे पाह्यलंच नाई."

म्हणजे इतकी वर्षं मी ज्याची वाट बघत होते ते त्यांच्याजवळ नव्हतंच. विसरलेलं असतं तर आठवलं असतं. बघितलंच नव्हतं, ते कुठून आठवणार?

मग त्यांनी विचारलं, "थो जेवला होता का?"

मला माहीत नव्हतं. सुधाच्या बाबांनी तेवढं सांगितलं नव्हतं आणि मला विचारायचं सुचलं नव्हतं. हो म्हणता आलं असतं. म्हाताऱ्या माणसाला तेवढंच बरं वाटलं असतं. पण ज्या गोष्टीपायी एवढं सगळं झालं तिच्यात आणखी एक खोटं माझ्यानं घालवेना.

"माईत नाई," मी म्हटलं.

"गोष्टीत तं मी दोघं जेवले म्हून लिवलं," ते म्हणाले. "शेवट कराचा म्हून लिवून देल्लं." आणि मग माझ्यासमोर, पुरुष माणूस, ढसाढसा रडले. मी आत जाऊन पाणी आणलं आणि त्यांच्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी रद्दीवाल्याचा गाडा आला, त्याला मीच दारातून परत लावला. त्यानंतर भासरे बरेच दिवस बाजेवर पडून असत. जेवत, अंग धूत, पण कागदाला शिवत नसत. मला वाटलं, मी फार बोलले की काय. रूपीशीसुद्धा बोलत नव्हते.

मग एक दिवस सकाळी मी धार काढत होते, तर भासरे कोठ्याच्या दारात येऊन उभे. हातात कागद. अक्षरं एवढी मोठी काढली होती की पानावर चारच ओळी मावल्या होत्या. या वेळी 'रूपे' म्हणाले नाहीत. नुसतं वाचायला लागले.

गोष्ट गंजापासूनच सुरू होत होती. गंज काठोकाठ भरलेला आहे, म्हणून बाळू धुऱ्यानं हळूहळू चालला आहे. समोर काळा कोट उभा राहतो. दोन्ही हात गंजाला आहेत, म्हणून बाळूला हात जोडता येत नाहीत. तो नुसती मान वाकवतो आणि म्हणतो, काका, मले जाऊ द्या. मी धार थांबवली. मग मोठा भाऊ मचाणावरून उतरतो. तो हसत नाही. तो गंज हातात घेतो, खाली मातीत नीट टेकवतो आणि विचारतो, 'बाळू, तू जेवला का रे?'

इथं भासरे थांबले.

हे असं झालं नव्हतं. त्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं.

"हे खोटं हाय," भासरे म्हणाले. "काढून टाकू का?"

"राहू द्या," मी म्हटलं. "पुढं काय म्हने थो?"

"थे नाई लिवलं. मले समजून नाई राह्यलं थो काय म्हनीन." त्यांनी कागद खाली केला. "तुमी त्याच्यासंगं संसार केला, बाई. तुमीच सांगा."

मला विचार करावा लागला नाही. "जेवलो म्हनला असता," मी म्हटलं. "उपाशी असता तरी."

भासरे दाराच्या चौकटीला टेकून खाली बसले. गुडघ्यावर कागद घेतला, खिशातून पेन काढलं आणि टेकवून विचारलं, "दोनी लिवू? जेवलो म्हनला थे, अन् उपाशी होता थे?"

"नाई," मी म्हटलं. "नुसतं 'जेवलो' लिवा."